मेंडेलचा वाटाणा, बाजारातला टोमॅटो आणि झाडाच्या शेंड्याला ‘बास’ सांगणारं प्रथिन

शाळा-कॉलेजात मेंडेलच्या वाटाण्याचा तक्ता बहुतेकांनी पाठ केलेला असतो. उंच-बुटका, गोल-सुरकुतलेला, पिवळा-हिरवा... अशा सात जोड्या. त्यातल्या एका जोडीपाशी मात्र कुणी फारसं थांबत नाही. फुलं पानाच्या बगलेत येतात की खोडाच्या टोकाला? ‘कक्षस्थ प्रभावी, अग्रस्थ अप्रभावी’ एवढं लिहिलं की मार्क मिळतो आणि विषय संपतो.

खरं तर या जोडीचं पुस्तकातलं चित्र थोडं फसवं आहे. त्यात टोकाला एखाद-दुसरं फूल काढलेलं असतं. मेंडेलने बघितलेलं झाड त्यापेक्षा बरंच विचित्र होतं. त्याचं खोड वरच्या बाजूला रुंद होत जायचं आणि शेंड्यावर फुलांचा घोसच्या घोस दाटीने यायचा. मेंडेलने एका पिढीतली ८५८ झाडं मोजली. ६५१ झाडांना फुलं बगलेत आली होती, २०७ झाडांना टोकाला. म्हणजे तेच प्रसिद्ध ३:१ प्रमाण. १८६६ मध्ये त्याने हे छापलं. पण या रुंद शेंड्यामागे नेमकं कोणतं जनुक आहे, हे कळायला त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं गेली.

उत्तर आलं २०२५ मध्ये. इंग्लंडचं जॉन इनेस सेंटर आणि चीनमधल्या संशोधकांनी वाटाण्याच्या सुमारे ७०० वाणांचे जीनोम तपासून मेंडेलच्या सातपैकी उरलेल्या तीन गुणांची जनुकं शोधली. टोकाला फुलं आणणाऱ्या झाडांत एका जनुकातली डीएनएची फक्त पाच अक्षरं गळालेली निघाली. हे जनुक एक रिसेप्टर प्रथिन बनवतं. पेशीच्या पृष्ठभागावर बसून बाहेरचा निरोप ऐकणारं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. मराठी पुस्तकांत त्याला ‘ग्राही’ म्हणतात.

थोडक्यात, त्या वाटाण्याला कमी ऐकू येत होतं.

काय ऐकू येत नव्हतं, ते समजायला झाडाच्या शेंड्यात शिरावं लागेल.

शेंड्यात असतं तरी काय?

माणसाचं बाळ जन्माला येतं तेव्हा हात, पाय, डोळे, हृदय सगळं जागेवर असतं. पुढे फक्त ते मोठं होतं. झाडाचं तसं नसतं. वडाच्या बीतून बाहेर आलेल्या रोपाकडे पुढच्या शंभर वर्षांत येणाऱ्या फांद्या, पानं, फळं यातलं काहीही नसतं. झाड आयुष्यभर नवे अवयव बनवत राहतं आणि त्याचा कारखाना शेंड्याच्या अगदी टोकाला असतो. कोवळी पानं एकेक करून सोलत गेलात, तर आत एक बारीक घुमटासारखा उंचवटा सापडतो. तो बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. नववीच्या पुस्तकात याचं नाव ‘विभाजी ऊती’ असं होतं.

या घुमटाच्या माथ्यावर काही डझन मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल असतात. त्या सावकाश विभागत राहतात. विभागून झालेल्या पेशींपैकी काही माथ्यावरच राहतात, काही कडेला ढकलल्या जातात. कडेला गेलेल्या पेशी पुढे पान होतात किंवा फूल. त्यामुळे माथ्यावरचा साठा कधी संपत नाही आणि कडेचं बांधकामही थांबत नाही. कॅलिफोर्नियातली काही ब्रिसलकोन पाइन झाडं ४,८०० वर्षांहून जास्त काळ असंच करत आली आहेत.

तुरीचे किंवा हरभऱ्याचे शेंडे खुडले की बाजूच्या फांद्या फुटतात, हे शेतकरी जाणून असतात. तिथेही हाच प्रकार आहे. प्रत्येक पानाच्या बगलेत असाच एक छोटा घुमट झोपलेला असतो. वरचा गेला की खालचे जागे होतात.

अडचण एकच असते, आणि ती हिशोबाची असते. मूलपेशी जरा कमी पडल्या तर शेंडा विझतो आणि वाढ थांबते. जरा जास्त झाल्या तर घुमट फुगतो, खोड चपटं होतं, फुलात नको तितके भाग येतात. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि झाडाची पेशी भिंतीत चिणल्यासारखी असल्याने जागची हलूही शकत नाही. मग ‘आता पुरे’ हे ठरवतं कोण?

गदा आणि विस्कटलेले केस

याचं उत्तर ज्या रोपातून मिळालं ते दिसायला अगदीच साधं आहे. मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं, अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचं तण. बीपासून बीपर्यंत दीड-दोन महिन्यांत आयुष्य संपवतं, त्यामुळे प्रयोगशाळांचं लाडकं.

अमेरिकेत कॅलटेकमध्ये इलियट मेयेरोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात या रोपाच्या काही बिघडलेल्या प्रकारांचा अभ्यास चालू होता. साध्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या शेंगेला दोन झडपा असतात. या बिघडलेल्या रोपांत तीन, चार किंवा त्याहून जास्त असायच्या आणि शेंग टोकाला जाड होऊन गदेसारखी दिसायची. लॅटिनमध्ये ‘क्लाव्हा’ म्हणजे गदा. म्हणून या जनुकांचं नाव पडलं क्लॅव्हाटा. क्लॅव्हाटा-१, २ आणि ३ अशी तीन वेगवेगळी जनुकं निघाली. तिन्हींपैकी कुठलंही बिघडलं तरी शेंडा फुगायचा.

याच्या अगदी उलट वागणारं जनुक जर्मनीत थॉमस लाउक्स यांच्या गटाला मिळालं. ते बिघडलं की मूलपेशी टिकतच नाहीत. शेंडा विझतो, पुन्हा कुठून तरी नवा फुटतो, तोही विझतो. शेवटी रोप म्हणजे इकडेतिकडे उगवलेल्या पानांचे झुबके. त्यांनी नाव दिलं वुशेल. जर्मनमध्ये याचा अर्थ विस्कटलेले केस. (जनुकांना नावं देण्यात वनस्पतीशास्त्रज्ञांचा हात कुणी धरू शकणार नाही.)

पुढच्या काही वर्षांत एकेक तुकडा जुळत गेला. १९९७ मध्ये क्लॅव्हाटा-१ काय आहे ते कळलं : तो रिसेप्टर आहे. १९९८ मध्ये वुशेल कळलं : इतर जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. १९९९ मध्ये क्लॅव्हाटा-३ : पेशीबाहेर सोडला जाणारा इवलासा निरोप. आणि २००० मध्ये ही सगळी मंडळी एकमेकांशी काय बोलतात तेही स्पष्ट झालं.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकीत बॉलकॉक असतो. पाणी वर आलं की चेंडू तरंगत वर येतो आणि नळ बंद करतो. पाणी उतरलं की चेंडू खाली जातो, नळ पुन्हा सुरू होतो. कुणी उठून बघायची गरज नसते.

शेंड्यात नेमकं हेच होतं. घुमटाच्या मधोमध, मूलपेशींच्या खाली, काही पेशी वुशेल बनवतात. वुशेल हा नळ. हे प्रथिन पेशींमधल्या बारीक खिडक्यांतून वर सरकतं आणि माथ्यावरच्या पेशींना सांगतं, ‘मूलपेशी म्हणूनच राहा.’ या पेशी मग क्लॅव्हाटा-३ नावाचा निरोप बाहेर सोडतात. मूलपेशी जितक्या जास्त, तितका निरोप जास्त. हा निरोप खाली झिरपतो, तिथल्या पेशींवर बसलेले रिसेप्टर तो पकडतात आणि आतमध्ये वुशेलचा आवाज कमी करतात. वुशेल कमी झालं की मूलपेशी कमी, निरोपही कमी, आणि वुशेल पुन्हा डोकं वर काढतं.

रिसेप्टर म्हणजे इथला बॉलकॉक. तो अडकला तर टाकी वाहायला लागणारच. मेंडेलच्या वाटाण्यात बिघडलेलं प्रथिन याच बॉलकॉकचा एक भाग होतं. क्लॅव्हाटा रिसेप्टरांच्या शेजारी बसून त्यांना निरोप आत पोचवायला मदत करणारा हा सह-रिसेप्टर आहे.

एवढासा निरोप आणि त्याला लावलेली साखर

क्लॅव्हाटा-१ हे प्रथिन ९८० अमिनो आम्लांची लांब साखळी आहे. तिचा एक भाग पेशीच्या बाहेर, मधला तुकडा पेशीपटलात रुतलेला आणि उरलेला भाग आत. बाहेरच्या भागात एकच नमुना २१ वेळा थोड्याफार फरकाने येतो आणि त्यामुळे तो भाग हुकासारखा बाकदार होतो. त्या बाकाच्या आतल्या बाजूला निरोप येऊन बसतो. आतल्या भागाचं काम इतर प्रथिनांना फॉस्फेटचा ठिपका लावायचं. हा ठिपका म्हणजे पेशीच्या भाषेतला शिक्का. तो पडला की पुढचं काम सुरू होतं.

निरोप मात्र किती छोटा! पेशी आधी ९६ अमिनो आम्लांचं प्रथिन बनवते आणि मग कापून-कापून त्यातली फक्त १३ ठेवते. २००८-०९ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या योशिकात्सु मात्सुबायाशी यांच्या गटाने दोन गोष्टी दाखवल्या. एक म्हणजे हा तुकडा क्लॅव्हाटा-१ ला थेट चिकटतो. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर : या तुकड्यावर अ‍ॅराबिनोज नावाच्या साखरेच्या तीन कड्यांची साखळी लावलेली असते आणि ती असली की निरोप जास्त जोरात ऐकू जातो.

साखरेची ही बाब किरकोळ वाटेल, पण टोमॅटोत तिनेच एक कोडं सोडवलं. त्याकडे येऊच.

रिसेप्टर एकटा काम करतो असंही नाही. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये क्लॅव्हाटा-१ पूर्ण काढून टाकलं तरी शेंडा बेफाम फुगत नाही, मध्यम फुगतो. कारण ते गेलं की त्याची भावंडं, ‘बॅम’ नावाचे रिसेप्टर, त्या जागेवर कामाला लागतात. एरवी ते तिथे जवळजवळ नसतातच. मुख्य नट आजारी पडला की पाठ करून बसलेला बदली नट उभा राहतो तसं. काम थोडं कच्चं होतं, पण प्रयोग रद्द होत नाही.

अशा रिसेप्टरांची झाडांमध्ये रेलचेल आहे. अ‍ॅराबिडॉप्सिससारख्या चिमुकल्या रोपात क्लॅव्हाटा-१ च्या धर्तीची, म्हणजे बाहेर कान आणि आत शिक्का अशी रचना असलेली, ६०० हून जास्त जनुकं आहेत. माणसात ढोबळमानाने याच कामाचे जे रिसेप्टर टायरोसिन कायनेज असतात, त्यांची संख्या ५८ आहे. जागचं हलता येत नसेल तर कान तिखट लागतात, असं म्हणायला हरकत नाही.

टोमॅटो आडवा कापून बघा

आता स्वयंपाकघरात या. लांबट टोमॅटो आडवा कापलात तर साधारण दोन-तीन कप्पे दिसतात. चपट्या, घड्या पडलेल्या टोमॅटोत पाच-सहा. परदेशात बर्गरमध्ये घालतात त्या बीफस्टेक जातीत आठ किंवा त्याहून जास्त. हे कप्पे कुठून येतात? फुलाच्या मधोमध असलेला शेंडा जितका रुंद, तितके जास्त कप्पे तिथे मावतात. म्हणजे फळ किती मोठं होणार याचा एक मोठा हिस्सा फूल उमलायच्या कितीतरी आधी, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल अशा घुमटात ठरलेला असतो.

टोमॅटोचा रानटी पूर्वज पेरू आणि इक्वेडोरमध्ये आजही उगवतो. फळ वाटाण्याएवढं, कप्पे दोन. तिथून अर्धा किलोच्या फळापर्यंतचा प्रवास दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांत केला, फक्त मोठ्या फळाचं बी राखून ठेवत. त्यांनी नकळत काय निवडलं होतं, हे न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत झॅकरी लिपमन यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं.

त्यांच्याकडे अवाढव्य, वेडेवाकडे टोमॅटो देणारी काही झाडं होती. त्यातल्या एकात बिघडलेलं जनुक निघालं ते निरोपावर साखर चढवणाऱ्या एन्झाइमचं! साखर नाही, म्हणून निरोप नीट पोचत नाही, म्हणून शेंडा फुगतो. दुसऱ्या एकात रिसेप्टरच बिघडला होता. या धाग्यावरून शोधत ते बाजारातल्या मोठ्या टोमॅटोपर्यंत आले. तिथे क्लॅव्हाटा-३ हे जनुक शाबूत होतं, पण त्याच्या शेजारी डीएनएचा सुमारे तीन लाख अक्षरांचा एक पट्टा उलटा बसला होता. पुस्तकातली काही पानं सुटून उलटी शिवली जावीत तसा. त्यामुळे जनुकाचं बटण अर्धवट तुटलं होतं. निरोप बंद झालेला नव्हता, कमी झाला होता. दुसरा एक बदल वुशेल जनुकाच्या आसपास सापडला होता. या दोन्ही बदलांची बेरीज म्हणजे मोठा टोमॅटो.

इथे ‘कमी झाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निरोप पूर्ण बंद पडला तर फळ मोठं नव्हे, निरुपयोगी होतं. फुलाला पाकळ्याच पाकळ्या, फळाला चिरा, रोपाचा आकार बिघडलेला.

मक्यातही हीच गोष्ट आहे, आणि ती जास्त चटकन पटते. मक्याचा पूर्वज असलेल्या टिओसिंटे या मेक्सिकन गवताच्या कणसाला दाण्यांच्या दोनच ओळी असतात. आजच्या कणसाला साधारण ८ ते २०. (पुढच्या वेळी भुट्टा खाताना ओळी मोजा. आकडा सम येईल.) कणीस बनवणारा शेंडा जितका जाड, तितक्या ओळी जास्त.

मग रिसेप्टर काढूनच टाकला तर? कोल्ड स्प्रिंग हार्बरमधल्याच डेव्हिड जॅक्सन यांच्या गटाने २००१ मध्ये असा मका तपासला. त्यात क्लॅव्हाटा-२ चा मक्यातला भाऊ बिघडला होता. कणीस चपटं, आखूड, टोकाला पसरलेलं आणि दाणे अस्ताव्यस्त. ओळी वाढल्या, पण हातात काही आलं नाही. २०१३ मध्ये त्यांनी याच रिसेप्टरची थोडीशीच कमजोर झालेली रूपं घेतली. या वेळी ओळी वाढल्या आणि कणीस सरळच राहिलं.

भारतातलं उदाहरण हवं तर उत्तर आणि पूर्व भारतात पिकणारी पिवळी सरसों घ्या. मोहरीच्या शेंगेला सहसा दोन झडपा असतात. पिवळ्या सरसोंच्या काही वाणांना चार असतात आणि शेंगेत दाणेही जास्त भरतात. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी याचं कारण शोधलं : क्लॅव्हाटा-३ मध्ये एका अक्षराचा बदल. कॅलटेकच्या तणातली ‘गदा’ इथल्या शेतात तेलाच्या रूपाने नांदत होती, असंच म्हणायचं.

शेंडा असा चपटा-रुंद होण्याला फॅसिएशन म्हणतात आणि ते बघायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावर उगवणारी कुरडू आठवते? जिची भाजी करतात ती. तिचा तुरा सरळ, टोकदार असतो. अंगणात लावतात तो कोंबडा तिच्याच जातीचा. त्याचा तुरा मात्र मखमली पंख्यासारखा पसरलेला. तो पंखा म्हणजे एका बिंदूऐवजी रेषेसारखा वाढत गेलेला शेंडा. माणसाला तो आवडला आणि त्याने बी जपलं.

सोयाबीनच्या पानांना मुळावरच्या गाठी मोजता येतात

टोमॅटो आणि मक्याची गोष्ट आता बरीच सांगितली जाते. त्या मानाने सोयाबीनची गोष्ट मराठी वाचकाच्या जास्त जवळची असूनही फार कुणाला ठाऊक नसते.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही देशातली सोयाबीनची दोन सर्वांत मोठी राज्यं. पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम जिवाणूंचं कल्चर चोळतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात. फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटून गाठ फोडलीत तर आत गुलाबी रंग दिसतो. गाठ काम करते आहे याची ती खूण.

पण नत्र फुकट मिळत नाही. जिवाणूंना पोसायला झाडाला साखर मोजावी लागते. गाठी जास्त झाल्या तर झाड भाडेकरूंनाच खायला घालत बसेल. म्हणून सोयाबीन गाठींची संख्या आवरतं. कसं? पहिल्या गाठी बनायला लागल्या की मूळ एक छोटा निरोप तयार करतं. हा निरोप क्लॅव्हाटा-३ च्याच घराण्यातला. तो पाण्याबरोबर खोडातून वर चढतो आणि पानांत पोचतो. पानांत त्याची वाट बघत बसलेला रिसेप्टर क्लॅव्हाटा-१ चा सख्खा नातेवाईक आहे. सोयाबीनमध्ये २००३ मध्ये हे जनुक सापडलं. निरोप मिळाला की पानांतून उलट टपाल खाली जातं : आता नव्या गाठी नकोत.

याचा पुरावा जनुक सापडण्याच्याही आधी, १९८० च्या दशकात कलम करून मिळाला होता. काही सोयाबीन रोपांच्या मुळांवर गाठींचा नुसता खच पडायचा. अशा रोपाचा वरचा भाग साध्या रोपाच्या मुळावर बांधला, तर त्या साध्या मुळावरही खच. उलट केलं, म्हणजे साधा वरचा भाग आणि बिघडलेलं मूळ, तर गाठी मोजक्याच. निर्णय वर पानांत होतो, याहून स्वच्छ पुरावा मिळणं कठीण. आणि भरपूर गाठींची ती रोपं जोमदार झाली का? नाही. ती खुरटली.

म्हणजे शेंड्यावर मूलपेशी मोजणारी यंत्रणा आणि मुळावर भाडेकरू मोजणारी यंत्रणा एकाच घराण्याची आहे. झाडाच्या खोडाची जाडीसुद्धा याच पद्धतीने ठरते. सालीच्या आत मूलपेशींचा एक पातळ थर असतो. तिथला निरोप वेगळा, रिसेप्टर वेगळा, पण बोलण्याची रीत तीच. २०१५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी पॉप्लर झाडात हा निरोप आणि रिसेप्टर दोन्ही योग्य जागी वाढवले तेव्हा झाडं जास्त वेगाने वाढली आणि लाकूडही जास्त झालं. इथे निरोपाचा अर्थ ‘थांबा’ नसून ‘विभागत राहा’ असा आहे, हे लक्षात घेण्यासारखं. एकाच घराण्यातले निरोप वेगळ्या पत्त्यावर वेगळं काम सांगतात.

जिथे निरोपावर इतकं अवलंबून असतं, तिथे खोटे निरोप पाठवणारेही येतात. मुळांवर जगणारे सिस्ट सूत्रकृमी आपल्या तोंडातल्या सुईसारख्या अवयवातून झाडाच्या पेशीत लाळ सोडतात. त्या लाळेत झाडाच्याच निरोपांची हुबेहूब नक्कल असते. झाडाचे रिसेप्टर फसतात आणि मुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून सूत्रकृमीला पोसणारी एक फुगीर खानावळ बनते. सूत्रकृमी मग तिथून हलत नाही. सोयाबीन आणि बटाट्यावर हे किडे जगभर मोठं नुकसान करतात. बटाट्यावरचा सिस्ट सूत्रकृमी भारतात निलगिरीच्या डोंगरात १९६१ पासून नोंदलेला आहे. जनुकांत मुद्दाम बिघाड करून क्लॅव्हाटा रिसेप्टर काढून टाकलेल्या रोपांवर सूत्रकृमींचा जम कमी बसतो, हेही प्रयोगांत दिसलंय. पण तेच रिसेप्टर झाडाला स्वतःसाठीही लागतात, ही त्यातली मेख.

मग कात्री लावून उत्पादन वाढवता येईल?

क्रिस्परबद्दलच्या रील्स बघून असं वाटतं की जनुक सापडलं की कापायचं आणि पीक दुप्पट. रिसेप्टरांच्या बाबतीत हा समज फार लवकर तोंडघशी पडतो. वर मक्यात बघितलंच : जनुक कापलं की कणीस गेलं.

म्हणून लिपमन यांच्या गटाने २०१७ मध्ये वेगळा रस्ता धरला. त्यांनी टोमॅटोच्या क्लॅव्हाटा-३ जनुकाला हात लावला नाही. त्याच्या आधीच्या, ते किती चालायचं हे ठरवणाऱ्या डीएनएच्या पट्ट्यात ठिकठिकाणी क्रिस्परने काप दिले. प्रत्येक रोपात काप वेगळे. नतीजा असा की कप्प्यांची संख्या थोडी वाढलेली, बरीच वाढलेली, फारच वाढलेली अशी टोमॅटोची एक चढती रांगच तयार झाली. शेतकऱ्यांना जो बदल योगायोगाने मिळायला हजारो वर्षं लागली, त्याच्या जवळपास जाणारे कितीतरी प्रकार एका प्रयोगात. बटण बंद-चालू करण्याऐवजी पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तसं. २०२१ मध्ये जॅक्सन यांच्या गटाने मक्यातल्या निरोपांच्या जनुकांवर हीच युक्ती वापरली आणि दाण्यांचं प्रमाण वाढलं.

रसभरीच्या अमेरिकन चुलतबहिणीवर २०१८ मध्ये झालेला प्रयोग थेट रिसेप्टरवरचा होता. कागदी आवरणातलं ते छोटं फळ शेतात लावायला अवघड, कारण झाड पसरतं आणि फळं बारीक. टोमॅटोत शिकलेलं सगळं इथे लावून तिच्या क्लॅव्हाटा-१ मध्ये बदल केला आणि फळाचं वजन सुमारे पाव हिश्श्याने वाढलं. बदली रिसेप्टर असल्यामुळेच एकटं क्लॅव्हाटा-१ काढूनही झाड बिघडलं नाही, फळ तेवढं मोठं झालं. बदली नटाचा असाही उपयोग.

भारतात या सगळ्याशी नातं सांगणारी बातमी मे २०२५ मध्ये आली. केंद्र सरकारने जीनोम-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातला ‘कमला’ म्हणजे डीआरआर धान १०० हा हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा मसुरी या लोकप्रिय वाणापासून बनवला. त्यात बदललेलं जनुक क्लॅव्हाटा नाही. ते सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणारं एन्झाइम बनवतं. पण सायटोकायनिनचा निरोपही रिसेप्टरच पकडतात, आणि शेंड्यात त्याचं काम क्लॅव्हाटाच्या उलटं आहे : वुशेलला जोर देणं. क्लॅव्हाटा हा ब्रेक, तर सायटोकायनिन अ‍ॅक्सिलरेटर. मोडणारं एन्झाइम कमजोर केलं की लोंबीच्या शेंड्यात सायटोकायनिन टिकून राहतं आणि लोंबीला जास्त दाणे धरतात. भातातलं हे जनुक जपानी संशोधकांनी २००५ मध्येच ओळखलं होतं. बाहेरच्या जिवाचं जनुक अंतिम रोपात नसेल तर अशा वाणांना जीएम पिकांचे कडक नियम लागू होणार नाहीत, असा निर्णय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये घेतला होता. ‘कमला’ त्याच वाटेने आला.

त्यावर वाद आहेत. चाचण्या पुरेशा झाल्या का, बियाण्याचे हक्क कुणाकडे, क्रिस्परच्या पेटंटचं काय, हे प्रश्न शेतकरी संघटना विचारत आहेत आणि ते रास्त आहेत. मात्र ‘निसर्गात असं कधी होत नाही’ हा आक्षेप इथे टिकत नाही. बाजारातल्या मोठ्या टोमॅटोत डीएनएचा तीन लाख अक्षरांचा पट्टा कुणीही हात न लावता उलटा बसला होता, आणि मेंडेलच्या बागेत पाच अक्षरं आपोआप गळालेलं झाड शेंड्यावर फुलांचा घोस घेऊन उभं होतं.